गोल्फमध्ये हँडिकॅप २८ असताना ब्लेड वापरत राहावे की सोप्या आयर्नकडे वळावे?

अर्धास्विंग (प्रश्न):

नमस्कार. मी उजव्या हाताने खेळतो, वय पंचेचाळीसच्या पुढे आहे आणि सध्या माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २८ च्या आसपास आहे. क्लबचा संच मी स्वतः निवडलेला नाही. मेहुण्यांनी खेळणे थांबवले तेव्हा त्यांची बॅग माझ्याकडे आली. तीत ३ ते ९ क्रमांकांचे ब्लेड पद्धतीचे (पातळ, भरीव हेडचे) फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न आणि त्याच मालिकेतील पिचिंग वेज आहे, सर्वांना स्टिफ फ्लेक्सचे, म्हणजे कमी वाकणारे, स्टील शाफ्ट (दांडे) आहेत. शिवाय ९ अंश लॉफ्टचा (चेंडूला लागणारी बाजू मागे कलण्याचा कोन) ड्रायव्हर, ५६ अंशांची सँड वेज आणि एक पटर आहे. मेहुणे उमेदीच्या काळात एक आकडी हँडिकॅपवर खेळत असत, त्यामुळे त्यांच्या हातात हा संच शोभत असे.

माझ्या हातात मात्र ४ आयर्न आणि ६ आयर्न जवळपास सारखेच अंतर देतात, ३ आयर्न मी बॅगेतून काढतच नाही आणि ड्रायव्हरचा चेंडू सरळ निघाल्यासारखा वाटून पुढे उजवीकडे वळत जातो. क्वचित एखादा फटका नेमका बसतो तेव्हा हाताला काहीच जाणवत नाही आणि चेंडू हवा तसा जातो. इतर वेळी थंडीच्या सकाळी बोटे झिणझिणतात.

याविषयी मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की माझ्या पातळीच्या खेळाडूने रुंद सोलचे (तळाचे) कॅव्हिटी बॅक (मागून पोकळ) आयर्न ताबडतोब घ्यावेत. दुसऱ्या गटाच्या मते असे क्लब चुका झाकतात, त्यामुळे स्विंग सुधारण्याची गरजच भासत नाही आणि माणूस आहे तिथेच राहतो. यांपैकी कोणते खरे मानावे? आणि संपूर्ण संच एकदम बदलायचा नसेल, तर सुरुवात कोणत्या क्लबपासून करावी?

शाफ्टवाला:

हँडिकॅपचा आकडा हा क्लब निवडण्याचा पहिला निकष मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत इंडेक्स ५४.० पर्यंत जाऊ शकतो, आणि त्या पट्ट्यात २८ वर असलेल्या दोन खेळाडूंमध्ये काडीचेही साम्य नसते. एक जण आयर्न उत्तम मारतो, पण ग्रीनजवळ आणि पटिंगमध्ये फटके घालवतो. दुसरा पटिंग नीट करतो, पण चेंडू फेसच्या (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मध्यावर बसवू शकत नाही. दोघांनाही विक्रेता एकच ‘हाय हँडिकॅप’ संच दाखवतो. क्लबला तुमचा हँडिकॅप कळत नाही. चेंडू फेसवर कुठे बसला, हेड किती वेगाने आले आणि कोणत्या कोनात आले, एवढेच त्याच्या वाट्याला येते.

म्हणून खरेदीचा विचार करण्याआधी एक तपासणी करा. पुसता येणाऱ्या मार्करने ७ आयर्नचा फेस पूर्ण रंगवा आणि नेहमीच्या तयारीने, एकाच लक्ष्याकडे, मधे न पुसता काही चेंडू मारा. जिथे चेंडू बसतो तिथली शाई निघून गोल ठसा उरतो, आणि नीट पाहिले तर त्यात चेंडूवरच्या खळग्यांची नक्षीही दिसते. शक्य असेल तर हे गवतावरच करा. रेंजवरच्या चटईवर क्लब चेंडूच्या मागे आधी टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फटका चांगला बसल्याचा आभास होतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो.

आता ठसे वाचा. ते फेसभर विखुरलेले असतील, म्हणजे एक टो-कडे (शाफ्टपासून दूरच्या टोकाला), एक हीलकडे (शाफ्टजवळच्या टोकाला), एक अगदी खालच्या कडेला, तर तुम्हाला क्षमाशील, म्हणजे चुकलेला फटका सांभाळून घेणाऱ्या, हेडची गरज आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण सगळे ठसे एकाच जागी दाटीने असतील आणि ती जागा मध्यापासून दूर असेल, तर तुमचा स्विंग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सुसंगत आहे. चुकते आहे ते क्लबची लांबी, लाय अँगल (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) किंवा चेंडूपासून उभे राहण्याचे अंतर. या दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला रुंद हेडचा नवा संच दिला की अंतर थोडे वाढते, पण मूळ दोष तसाच राहतो.

क्षमाशील हेड नेमके काय करते, तेही सांगतो. ब्लेडमध्ये वजन मधल्या भागात एकवटलेले असते आणि होझलच्या (शाफ्ट जिथे बसतो त्या नळीच्या) वजनामुळे गुरुत्वमध्य फेसच्या मध्यापेक्षा थोडा हीलकडे झुकलेला असतो. त्यामुळे टो-कडे बसलेला चेंडू त्या मध्यापासून फार लांब पडतो, हेड पिळवटते, फेस उघडतो आणि अंतर घटते. कॅव्हिटी बॅकमध्ये मागचा भाग पोकळ करून तेथील वजन कडांना नेलेले असते. दोन्ही टोकांना घागरी बांधलेली कावड सहजासहजी गरकन फिरत नाही, तसेच हे हेडही चटकन फिरत नाही. क्लब बनवणाऱ्या पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे व्यवसायाने अभियंता होते. त्यांनी १९५९ मध्ये हील आणि टो-कडे वजन वाटलेला पटर तयार केला आणि पुढे हेच तत्त्व आयर्नमध्ये आले. रुंद सोलचा उपयोग वेगळा आहे. चेंडूच्या मागे जमीन लागली तर तो क्लबला खोल रुतू देत नाही. ऑफसेटमुळे, म्हणजे फेस शाफ्टच्या किंचित मागे ठेवल्यामुळे, फेस सरळ व्हायला क्षणभर अधिक वेळ मिळतो.

शाफ्टकडेही पाहा. ड्रायव्हरचा हेडस्पीड साधारणपणे ताशी ८५ ते ९५ मैल, म्हणजे सुमारे १३७ ते १५३ किलोमीटर असेल तर रेग्युलर फ्लेक्सपासून सुरुवात करावी, त्याखाली सीनिअर आणि त्यावर स्टिफ, असा ढोबळ आडाखा आहे. मात्र फ्लेक्सच्या या नावांना उद्योगात एकसमान प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘रेग्युलर’ दुसरीच्या ‘स्टिफ’इतका कडक असू शकतो. म्हणून नावापेक्षा वजन आधी पाहावे. जुने स्टील शाफ्ट बहुधा १२० ते १३० ग्रॅमचे असतात, हलके स्टील ९५ ते १०५ ग्रॅमच्या घरात मिळते आणि आयर्नसाठीचे बरेचसे ग्राफाइट शाफ्ट ६० ते ८० ग्रॅमचे असतात. फेरीच्या शेवटच्या काही होलवर तुमचे फटके खालच्या कडेला बसू लागत असतील, तर त्यात वजनाचा हात असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि तो ९ अंशांचा ड्रायव्हर सर्वांत आधी बाजूला ठेवा. लॉफ्ट कमी असला की फेसच्या तेवढ्याच उघडेपणामुळे चेंडूचा फिरण्याचा अक्ष अधिक कलतो आणि स्लाइस (चेंडूचे उजवीकडे वळणे) मोठा दिसतो. १०.५ ते १२ अंशांचे हेड तुमच्या वेगाला चेंडू अधिक वेळ हवेतही ठेवेल आणि कमी वळवेल. समायोज्य होझल असलेला ड्रायव्हर मिळाला तर आणखी चांगले, कारण त्यावर लॉफ्ट वाढवला की फेस किंचित बंदही होतो आणि तुमच्या बाबतीत तो फायदाच आहे.

मसलबॅक:

वरील उत्तरातील तपासणी पद्धत उत्तम आहे, परंतु क्षमाशील आयर्नची जी सरसकट भलामण सगळीकडे चालते तिच्याविषयी मला दोन आक्षेप नोंदवायचे आहेत. मी ब्लेडवरच शिकलो आणि आजही तेच वापरतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

पहिला आक्षेप लॉफ्टचा. पारंपरिक ब्लेडमध्ये ७ आयर्नचा लॉफ्ट ३४ ते ३५ अंश असतो. आजच्या गेम इम्प्रूव्हमेंट (म्हणजे क्षमाशील) संचांत त्याच क्रमांकाच्या क्लबचा लॉफ्ट २८ ते ३० अंश असतो, काहींत त्याहूनही कमी. म्हणजे सोलवर ७ लिहिलेले असले तरी हातात जुना ५ आयर्न असतो. चेंडूचे उड्डाण मोजणाऱ्या लाँच मॉनिटरसमोर उभे केलेल्या ग्राहकाला आपला ७ आयर्न अचानक दूर जाताना दिसतो आणि तो खूश होऊन संच घेतो. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे या क्लबचा चेंडू वर चढतो हे खरे आहे, पण वेग कमी असलेल्या खेळाडूचा तो चेंडू पुरेशा उंचीवरून आणि पुरेशा फिरकीने उतरत नाही. ग्रीनवर उतरताना सुमारे ४५ अंशांचा कोन मिळावा, असा सर्वसाधारण आडाखा असतो. त्यापेक्षा चपटा आलेला चेंडू ग्रीनवर पडून मागच्या रफमध्ये (लांब गवतात) जातो. म्हणून पडद्यावरचा एकूण अंतराचा आकडा सोडून कॅरी (चेंडूने हवेत कापलेले अंतर), उतरण्याचा कोन आणि सर्वांत जवळच्या व सर्वांत लांबच्या फटक्यांतील तफावत, हे तीन आकडे विचारावेत. क्लब मापून देणारा चांगला फिटर ते स्वतःहून दाखवतो.

याच लॉफ्टमुळे संचाच्या खालच्या टोकाला खिंडार पडते, आणि त्याकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते. नव्या संचातील पिचिंग वेज ४३ किंवा ४४ अंशांची असते. तुमची सँड वेज ५६ अंशांची. मधले १२–१३ अंश रिकामे! दोन क्लबांमध्ये साधारण ४ ते ५ अंशांचा फरक असला की अंतराचे टप्पे सारखे पडतात. इथे एका संपूर्ण क्लबची, कधी दोघांची जागा मोकळी राहते. तुमच्या जुन्या संचातील पिचिंग वेज बहुधा ४७–४८ अंशांची असेल, त्यामुळे आज तुम्हाला ही अडचण जाणवत नसावी. आयर्न बदलाल त्या दिवशी ती उभी राहील.

दुसरा आक्षेप शिकण्याविषयी. ब्लेडमुळे कोणी आपोआप सुधारत नाही, हे मलाही मान्य आहे. पण फटका कुठे बसला हे ब्लेड हाताला ताबडतोब सांगते, आणि ही बातमी काही आधुनिक, पातळ फेसच्या पोकळ आयर्नमध्ये पुसट होते. माझा सल्ला असा, की नवे आयर्न अवश्य घ्या, मात्र मेहुण्यांचा ७ किंवा ८ आयर्न रेंजसाठी जवळ ठेवा. सरावाच्या सुरुवातीला थोडे चेंडू त्याने अर्ध्या स्विंगने मारावेत आणि मग खेळायचा क्लब हाती घ्यावा.

सावकाश:

माझा हेडस्पीड ताशी ७५ मैलांच्या आत आहे आणि माझ्यासारख्यांची गणती अनेकदा होतच नाही, म्हणून लिहितो.

लांब आयर्न टाकून द्या. ३, ४ आणि बहुतेकांच्या बाबतीत ५ आयर्नही. कमी लॉफ्ट, लांब शाफ्ट आणि अरुंद सोल हे तिन्ही एकत्र आले की चेंडू उंच चढवायला जो वेग लागतो तो आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतो. तुमचे ४ आणि ६ आयर्न सारखेच जातात त्याचे कारण हेच. ४ आयर्न चुकीच्या पद्धतीने मारला जातो असे नव्हे, तर त्याच्या लॉफ्टला तुमचा वेग पुरत नाही. त्या जागी २१–२२ आणि २५–२६ अंशांचे हायब्रीड (आयर्न आणि वुड यांच्या मधले क्लब) ठेवता येतील. हायब्रीडचा गुरुत्वमध्य फेसपासून मागे आणि खाली असतो, त्यामुळे चेंडू सहज उठतो आणि रफमधून हेड अडकत नाही. काही जणांना हायब्रीडने चेंडू डावीकडे ओढला जातो. त्यांना सुमारे २१ अंशांचा ७ वुड अधिक मानवतो. तो हायब्रीडपेक्षा लांब असला तरी चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर हळुवार उतरतो. दोन्ही मारून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

नियमांनी कमाल १४ क्लबांना परवानगी दिली आहे, किमान किती असावेत याचे बंधन नाही. ही मर्यादा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधील आर अँड ए या संस्थेने १९३९ मध्ये आणली. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब बाळगत असत. १४ ची संख्या भरलीच पाहिजे असे मानून लोक कधीही न वापरले जाणारे क्लब खांद्यावर वाहतात. ड्रायव्हर, ५ किंवा ७ वुड, एक हायब्रीड, ६ आणि ८ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर तुमच्या आजच्या पातळीचा खेळ व्यवस्थित होऊ शकतो. कमी क्लब असले की एकाच क्लबने अंतर कमी-जास्त करायची सवय लागते, आणि ती पुढे उपयोगी पडते.

वेजच्या बाउन्सविषयी (सोल पुढच्या कडेपेक्षा खाली झुकण्याच्या कोनाविषयी) थोडेसे. तुमचे डिव्हॉट (फटक्याने उखडणारे गवत-मातीचे तुकडे) खोल जात असतील किंवा बंकरमधील वाळू मऊ असेल तर सँड वेजचा बाउन्स १२ अंशांच्या आसपास असू द्या. जमीन कठीण असेल आणि तुम्ही गवत नुसते खरवडत असाल तर कमी बाउन्स चालेल. ६० अंशांची लॉब वेज मात्र इतक्यात नको.

अर्धास्विंग:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्करची तपासणी गवतावर केली. ठसे अपेक्षेपेक्षा बरेच एकत्र आले. जवळजवळ सगळे टोच्या बाजूला, फेसच्या मधल्या उंचीवर. हीलकडे एकही नव्हता. माझी उंची सरासरीपेक्षा जास्त आहे आणि मेहुणे माझ्यापेक्षा चांगलेच बुटके आहेत, हेही यानिमित्ताने ध्यानात आले. रेंजवर ताशी ८८ मैलांच्या आसपास ड्रायव्हरचा वेग दिसला.

मग आता माझे आयर्न लांब करून घ्यावेत, की लाय बदलावा, की नवेच घ्यावेत? आणि पटर बदलण्याची गरज आहे का?

शाफ्टवाला:

ही माहिती महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे उत्तराचा क्रम बदलतो. ठसे एकत्र आहेत आणि टो-कडे आहेत, म्हणजे तुम्ही आखूड क्लबने चेंडूपर्यंत हात ताणून पोहोचत असण्याची शक्यता आहे. मनगटाच्या सुरकुतीपासून जमिनीपर्यंतचे अंतर बुटांसह मोजून फिटरला सांगा. केवळ उंचीवरून लांबी ठरत नाही, कारण उंच माणसाचे हात लांब असले तर त्याला प्रमाण लांबीही पुरते.

लाय तपासण्यासाठी चेंडूवर मार्करने एक जाड रेघ काढा आणि ती फेसच्या बाजूला, अगदी उभी येईल असा चेंडू ठेवून ७ आयर्नने मारा. रेघेची छाप फेसवर उमटते. ती स्कोअर लाइनना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात असेल तर लाय योग्य आहे. छापेचे वरचे टोक हीलकडे कललेले असेल तर फटक्याच्या क्षणी टो खाली आहे, म्हणजे क्लब तुमच्यासाठी फ्लॅट आहे आणि चेंडू उजवीकडे निघणार. वरचे टोक टो-कडे कलले असेल तर क्लब अपराइट आहे आणि चेंडू डावीकडे जाणार. सोलला पट्टी चिकटवून बोर्डावर मारण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण बोर्डावर उभे राहिल्यावर माणूस नकळत वेगळा स्विंग करतो.

लायमधील बदलाने चेंडूची सुरुवातीची दिशा सुधारते, पण ठशांची जागा फारशी हलत नाही. त्यासाठी लांबी बदलावी लागते. तुमचे आयर्न फोर्ज्ड आहेत, त्यामुळे त्यांचा लाय एक-दोन अंशांनी वाकवणे कार्यशाळेत सहज होते. संपूर्ण संचाला हात लावू नका. फक्त ७ आयर्नला अर्ध्या इंचाची जोड देऊन घ्या, मग रेघेची तपासणी पुन्हा करा आणि तरीही छाप हीलकडे कललेली दिसली तरच लाय अपराइट करा, कारण लांबी वाढवल्यानेच क्लब थोडा अपराइट झाल्यासारखा वागतो. अर्धा इंच वाढवला की स्विंगवेट (स्विंगमध्ये हेड किती जड वाटते त्याचे माप) सुमारे तीन अंकांनी वाढते आणि हेड जड वाटू लागते, हे गृहीत धरा. १२० ग्रॅमच्या वरच्या शाफ्टवर ते तुम्हाला खटकण्याची शक्यता आहे, आणि खटकले तर हलक्या शाफ्टच्या नव्या आयर्नच्या बाजूने तो एक भक्कम मुद्दा ठरेल.

त्यानंतर तो सुधारलेला ७ आयर्न आणि तेवढ्याच लांबीचा, रेग्युलर फ्लेक्सचा कॅव्हिटी बॅक डेमो क्लब गवतावर आलटून पालटून मारा. ठसे मध्याकडे सरकल्यावर दोघांच्या कॅरीतील तफावत सारखीच राहिली, तर आयर्नची खरेदी पुढे ढकलता येईल. डेमो क्लबचे फटके स्पष्टपणे एकत्र पडले, तर तो घ्या आणि लॉफ्टबाबत मसलबॅक यांनी सांगितलेली दक्षता बाळगा: आधी नव्या पिचिंग वेजचा लॉफ्ट अंशांत विचारा आणि मगच ४९–५० अंशांची गॅप वेज (पिचिंग आणि सँड वेजमधली जागा भरणारी) ठरवा.

ताशी ८८ मैलांना तुमचा ड्रायव्हर मात्र कोणत्याही तपासणीवाचून बदलण्याजोगा आहे. हेड ४६० घन सेंटिमीटरचे, म्हणजे नियमांत बसणाऱ्या कमाल आकाराचे घ्या, १०.५ अंशांहून कमी लॉफ्टचे घेऊ नका आणि शक्य असल्यास शाफ्ट ४५ इंचांच्या आत ठेवायला सांगा. आयर्न लांब करून ड्रायव्हर आखूड ठेवण्यात विसंगती नाही. बाजारातले ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंच किंवा त्याहून लांब असतात आणि त्यातला थोडा भाग कमी केल्याने फटका मध्यावर बसणे सोपे होते. त्यापाठोपाठ हायब्रीड, सावकाश यांनी सांगितलेल्या लॉफ्टचे. जुना किंवा वापरलेला क्लब घेत असाल तर ड्रायव्हरच्या वरच्या भागावर केसासारखी चीर नाही ना, ती उजेडात तिरपे धरून पाहा, हेड हलवून आतून खुळखुळ येते का ऐका आणि स्टील शाफ्ट असेल तर ग्रिपच्या कडेला गंज आहे का ते बोटाने चाचपा.

पटर ठेवा. फक्त त्यावर उभे राहिल्यावर तुमचे डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आत येतात का, हे पाहा. खूप आत येत असतील तर तो तुमच्या ठेवणीला लांब आहे, आणि त्याचा शाफ्ट इंचभर कापून नवी ग्रिप चढवून घेणे हे या संपूर्ण यादीतले सर्वांत सोपे काम आहे.

अर्धास्विंग:

ड्रायव्हर आणि २२ अंशांचा हायब्रीड आधी पाहतो, आणि ७ आयर्न उद्याच लांबी वाढवण्यासाठी देतो. रेघेच्या छापेचा फोटो याच धाग्यात टाकेन. तो पाहून लायविषयी तुमचे मत कळवावे, ही विनंती.